लोहचुंबकाची कसोटी

सदर : गृहिणीची वही



अलीकडे मंदिराच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात किंवा दुकानाच्या गादीवर ज्या भगिनी भेटतात, त्यांच्यापैकी निदान एकीचा तरी प्रश्न ठरलेला असतो : "इंडक्शनची शेगडी आणली खरी, पण तिच्यावर भांडी कोणती ठेवायची?" प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु ज्या घरात पहाटे पाणी उकळण्यापासून सूर्यास्तापूर्वीच्या जेवणापर्यंत स्वयंपाकघराचे घड्याळ काटेकोरपणे चालते, त्या घरात एक चुकीचे पातेले किती गोष्टी बिघडवू शकते, हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून या वेळी वहीचे हे पान भांड्यांसाठी.

आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेली चाळीसहून अधिक वर्षे त्या उकळलेलेच पाणी घेतात आणि ते पाणी त्या स्वतः उकळतात. घरातील सर्वांच्या आधी उठावे, शेगडी पुंजून घ्यावी, पाणी गाळून पितळेच्या पातेल्यात चढवावे आणि ते उकळेपर्यंत शेजारी पाटावर बसून माळ फिरवावी, हा त्यांचा नित्यक्रम. घरातील बाकी सर्व कामे हळूहळू त्यांच्या हातून सुटत गेली. हे एक काम त्यांनी कोणाला दिले नाही. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या एका पहाटे त्यांच्या शालीचे टोक गॅसच्या ज्योतीला लागले. सुदैवाने चिरंजीव अभ्यासासाठी उठलेले होते. त्यांनी शाल ओढून पाण्यात टाकली. आईंना काही झाले नाही, पण त्या दिवशी घरात कोणाला जेवण गोड लागले नाही. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी इंडक्शनची शेगडी आणली. ज्योतच नाही, म्हणजे भीतीही नाही, असा सरळ विचार.

शेगडी मांडली, पितळेचे पातेले ठेवले, बटण दाबले. शेगडीने दोन-चार वेळा आवाज केला आणि ती बंद पडली. मग आम्ही घरातील एकेक भांडे तिच्यावर ठेवून पाहिले. पितळेचे नाही, तांब्याचे नाही, अॅल्युमिनियमचा कुकर नाही. माझ्या लग्नात आलेली स्टीलची जाडजूड पातेली, ज्यांचा मला अभिमान होता, तीसुद्धा नाहीत. भरलेल्या मांडणीतून शेगडीने पसंत केला तो फक्त एक सपाट लोखंडी तवा!

असे का होते?

गॅसची शेगडी ज्योतीने भांडे तापवते. इंडक्शनची शेगडी स्वतः तापतच नाही. ती भांड्यालाच तापायला लावते. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वाहणारी वीज सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा आपली दिशा बदलते. त्यामुळे वेटोळ्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते वर ठेवलेल्या धातूच्या तळात वीज फिरवते. ही फिरणारी वीज तळाला तापवते. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले होते. आपल्या ओट्यावर ते तत्त्व यायला बराच काळ गेला, एवढेच.

आता लोखंडासारखा चुंबकीय धातू ही वीज आपल्या तळाच्या अगदी पातळ थरात एकवटवतो आणि तिला अडथळाही करतो. या अडथळ्यातूनच उष्णता निर्माण होते. तांबे, पितळ आणि अॅल्युमिनियम मात्र विजेला फार सहज वाट देतात, म्हणून त्यांत पुरेशी उष्णता निर्माण होत नाही. वास्तविक उष्णता पसरवण्यात तांब्या-अॅल्युमिनियमसारखे गुणी धातू नाहीत; पण या शेगडीशी त्यांची भाषा जुळत नाही. शेगडीलाही ते कळते आणि ती बंद होते. त्यात बिघाड काही नसतो.

मामंजींची कसोटी उलटी झाली

येथे एक गंमत सांगितलीच पाहिजे. मी नवी सून म्हणून आले तेव्हा मामंजींनी मला भांडी पारखायला शिकवले होते. खिशातून लहानसा लोहचुंबक काढून ते भांड्याला लावत. "चिकटला, तर भांडे परत द्यायचे. चांगले स्टील लोहचुंबकाला जवळ करीत नाही." आमच्या पिढीतील पुष्कळ घरांत हाच नियम होता, आणि त्यामागे कारणही होते. ज्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ज्याला बाजारात ३०४ म्हणतात, ते गंजत नाही, आंबटाला दाद देत नाही आणि लोहचुंबकालाही चिकटत नाही. निकेल महाग असते. म्हणून निकेल नसलेले, चुंबकाला चिकटणारे स्टील स्वस्त आणि हलके मानले जाई.

पुढे बाजारात कमी निकेलचे आणि अधिक मँगनीजचे, २०० च्या मालिकेतील स्टील आले. तेही चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे केवळ चुंबकाने उत्तम स्टील ओळखता येते, हा नियम तेव्हाच अपुरा ठरला होता. आता इंडक्शनने तो पुरता उलटा केला. ज्या भांड्याच्या तळाला चुंबक घट्ट बसतो, तेच या शेगडीच्या कामाचे. व्यापारात जसे एका काळाचे भाव दुसऱ्या काळाला लावून चालत नाही, तसेच हे झाले.

पण नियम उलटला म्हणजे जुना सर्वस्वी खोटा ठरला असे नाही. अन्नाला लागणारी आतील बाजू ३०४ चीच असावी आणि शेगडीला लागणारी बाहेरील बाजू चुंबकीय असावी, असे भांडे उत्तम. म्हणजे मामंजींची कसोटी भांड्याच्या पोटाला आणि नवी कसोटी भांड्याच्या तळाला! हे मला समजले, परंतु एकदा फसल्यानंतर.

घाईची खरेदी

त्या वेळी घाईघाईने मी तीन पातेल्यांचा संच आणला. तळावर 'इंडक्शन' असा ठसा होता, किंमत बेताची होती, चकाकी डोळ्यांत भरणारी होती. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात दूध मध्यभागी कडे करून लागू लागले. मग पातेले तापताना कुरकुर असा आवाज येऊ लागला. पुढे त्याचा तळ खाली फुगला आणि पातेले काचेवर भोवऱ्यासारखे फिरू लागले. शेवटी शेगडी त्याला ओळखेनाशी झाली. मध्येच बंद पडे आणि कोणता तरी आकडा दाखवी.

ह्यात नुकसान पैशांचे थोडे झाले. दुसरे नुकसान मोठे होते. पहाटे आई पाणी ठेवायच्या, शेगडी बंद पडायची. त्यांना वाटायचे, आपलेच काही चुकले. दोन-तीनदा असे झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "हे यंत्र तुमच्या पिढीचे. माझे पाणी तूच उकळत जा." मी अर्थातच हो म्हटले. पण त्यानंतर पहाटे त्या पाटावर बसून माळ हातात घेत आणि स्वयंपाकघराकडे पाहत राहत. मी उठायला थोडा उशीर केला तर तशाच तहानलेल्या बसत. हाक मात्र मारीत नसत. चाळीस वर्षांचा एका माणसाचा स्वाधीनपणा आपण एका हलक्या पातेल्यापायी काढून घेतला, हे माझ्या लक्षात आले, तेव्हा मला फार लाज वाटली. मग मात्र हिशेबाची वही उघडावी तशी मी ही भांड्यांची वही उघडली. त्यातून जे हाती लागले ते क्रमाने मांडते.

भांड्यांचे प्रकार

पहिला प्रकार बिडाचा आणि लोखंडाचा. तवा, कढई, डोशाचा तवा यांसाठी बीड उत्तम, मात्र तळ सपाट हवा. आपला भाकरीचा खोलगट तवा या शेगडीवर फक्त मध्यभागी टेकतो, म्हणून तो निरुपयोगी. बीड उष्णता हळूहळू पसरवते, पण धरून ठेवते. तेव्हा सुरुवातीला आच मंद ठेवावी. थंड बिडाला एकदम पूर्ण आच दिली तर मधला भाग आधी तापतो आणि क्वचित तडाही जातो. बिडाचे भांडे काचेवर ओढू नये, उचलून ठेवावे. नाहीतर काचेवर ओरखडे उठतात. चिंच, कोकम, टोमॅटो असे आंबट पदार्थ त्यात शिजवून ठेवू नयेत.

दुसरा प्रकार तळाशी चकती बसवलेल्या स्टीलचा. वरचे भांडे स्टीलचे, खाली अॅल्युमिनियमची जाड चकती आणि तिच्याखाली चुंबकीय स्टीलचे आवरण. चकती जाड असेल आणि भारी दाबाने एकजीव केलेली असेल, तर असे भांडे वर्षानुवर्षे टिकते. पाणी, दूध, वरण, भात यांसाठी हा प्रकार पुरेसा आहे. माझ्या फसलेल्या संचात ही मधली चकती नावालाच होती. खाली नुसता पातळ पत्रा डकवलेला होता.

तिसरा प्रकार तीनपदरी, ज्याला बाजारात ट्राय-प्लाय म्हणतात. यात आतून ३०४ स्टील, मध्ये अॅल्युमिनियम आणि बाहेरून चुंबकीय स्टील, असे तीन थर तळापासून काठापर्यंत असतात. मधल्या अॅल्युमिनियमचे महत्त्व एवढ्यावरून कळेल की, स्टीलपेक्षा ते सुमारे चौदा-पंधरा पटींनी अधिक चांगले उष्णता वाहते. म्हणून नुसत्या स्टीलच्या पातेल्यात बासुंदी लागते आणि तीनपदरीत लागत नाही. खीर, पुरण, बासुंदी, बुंदीचा पाक अशा नाजूक पदार्थांसाठी हा प्रकार सर्वांत चांगला. किंमत जास्त असते, वजनही.

चौथा प्रकार न चिकटणाऱ्या लेपाचा, म्हणजे नॉनस्टिक. त्याला एकच पथ्य, पण कडक : रिकामे भांडे शेगडीवर ठेवू नये. इंडक्शनवर रिकामा तवा बघता बघता तापतो, आणि सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा लेप खराब होऊ लागतो. आपण गॅसच्या सवयीने तवा तापत ठेवून पिठाकडे वळतो, तेवढा वेळही येथे जास्त ठरू शकतो.

कुकरविषयी वेगळे सांगते. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. त्याचे मानक आयएस २३४७. ते चिन्ह पाहिल्याशिवाय कुकर घेऊ नये. कुकर इंडक्शनचा आहे एवढे पुरेसे नाही, त्याचा तळही तपासून घ्यावा. या शेगडीवर वाफ लवकर धरते, म्हणून पहिली शिटी होताच आच कमी करावी. गॅसवरील शिट्यांचा हिशेब येथे तसाच लागू होत नाही. चार दिवस सांभाळून अंदाज घ्यावा.

दुकानात उभे राहून करावयाच्या पाच परीक्षा

१. लोहचुंबक. लहानसा चुंबक पर्समध्ये ठेवावा आणि तो भांड्याच्या तळाला, अगदी मध्यभागी व कडेला, लावून पाहावा. उलटा धरला तरी घट्ट राहिला पाहिजे. काठाला लावून निष्कर्ष काढू नये. घडवताना जेथे पत्रा वाकतो तेथे ३०४ स्टीलही थोडेसे चुंबकीय होते आणि फसगत होते.

२. पट्टी. तळावर एक सरळ पट्टी आडवी धरावी. मध्यभागी केसाएवढी फट दिसली तर हरकत नाही. तापल्यावर तळ थोडा खाली येतो आणि नीट टेकतो. पण पट्टी मध्यभागी टेकून दोन्ही बाजूंनी डुलत असेल तर तळ फुगीर आहे. ते भांडे घेऊ नये. दुकानाच्या काउंटरच्या काचेवर भांडे ठेवून हलके फिरवले तरी हे कळते.

३. माप. भांड्याच्या तोंडाचे माप सांगण्याची आपली पद्धत आहे. येथे तळाचे माप लागते. शेगडीच्या काचेवर जे वर्तुळ आखलेले असते, त्याच्याशी तळ जुळावा. सर्वसाधारणपणे १२ सेंटिमीटरहून लहान तळाचे भांडे या शेगड्या ओळखत नाहीत. चहाची लहान किटली किंवा फोडणीची पळी म्हणूनच चालत नाही. उलट वर्तुळापेक्षा फार मोठे भांडे घेतले तर त्याच्या कडा थंड राहतात.

४. वजन. त्याच मापाची दोन भांडी हातात घेऊन पाहावीत. चांगल्या तळाचे भांडे खालच्या बाजूस जड लागते. जाड तळाचा आणखी एक फायदा फारसे कोणी सांगत नाही. मंद आचेवर पुष्कळ शेगड्या सतत मंद जळत नाहीत; त्या थोडा वेळ पूर्ण जोराने चालतात, थोडा वेळ थांबतात, पुन्हा चालतात. पातळ तळाला हा प्रत्येक झटका बसतो आणि पदार्थ करपतो. जाड तळ तो झटका पोटात घेतो.

५. पक्के बिल आणि चिन्ह. स्टील व अॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठीही भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. भांड्यावर आयएसआय चिन्ह, निर्मात्याचे नाव, आतील स्टीलचा प्रकार आणि बिलावर हमीची मुदत असावी. आपण स्वतः दुकानदार आहोत. तोंडी हमीची किंमत आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

हिशेब

आता आपल्या आवडीचा विषय. समजा, ६०० रुपयांचे पातेले दीड वर्ष चालले, तर ते वर्षाला ४०० रुपयांना पडले. समजा, २,४०० रुपयांचे पातेले पंधरा वर्षे चालले, तर वर्षाला १६० रुपयांना पडले. स्वस्त कोणते, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र आठ भांड्यांचा संच एकदम घेऊ नये. संचातील निम्मी भांडी माळ्यावर जातात. आधी दूध-पाण्यासाठी एक पातेले, एक कुकर आणि एक सपाट तवा, एवढ्यावर सहा महिने काढावेत. मग गरज स्वतःच सांगते.

इंधनाचा हिशेब असा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगली गॅस शेगडी त्यातील साधारण ६८ टक्के भांड्याला देते. उरलेली ओट्यावरच्या हवेला. इंडक्शन सुमारे ८५ टक्के देते असे धरले, तर एका सिलिंडरचे काम करायला साधारण १४५ युनिटे लागतील. आपल्या गावच्या सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागावे. समजा किंमत ८७० रुपये असेल, तर उत्तर ६ रुपये येते. वीज युनिटमागे याहून स्वस्त असेल तर इंडक्शन परवडते, महाग असेल तर नाही. येथे एक चूक हमखास होते. विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. १०० युनिटांपर्यंत एक, त्यापुढे ३०० पर्यंत दुसरा, असा. नव्या शेगडीची युनिटे पहिल्या टप्प्यात बसत नाहीत, ती आपल्या बिलाच्या शेवटच्या टप्प्यात भर घालतात. म्हणून तुलना करताना शेवटच्या टप्प्याचाच दर, सर्व आकारांसह, धरावा. आमच्या घरी हा हिशेब केला तेव्हा फायदा-तोटा जवळजवळ सारखाच निघाला. तरीही आम्ही इंडक्शन ठेवले, कारण शालीच्या टोकाची किंमत त्या हिशेबात नव्हती.

दोन लिटर पाणी उकळायला सुमारे ०.२ युनिट वीज लागते, आणि १,२०० वॉटवर साधारण दहा मिनिटे. झाकण ठेवावे, वेळही वाचतो, वीजही.

काही पथ्ये

२,००० वॉटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि योग्य अर्थिंग हवे. मिक्सरच्या लहान सॉकेटला किंवा लांब वायरीच्या बोर्डाला ती जोडू नये. काम झाल्यावर लगेच मुख्य बटण बंद करू नये. आतील पंखा थांबू द्यावा. शेगडीच्या खालच्या जाळीतून हवा खेळली पाहिजे. त्या उबेला झुरळे व इतर जीव आश्रयाला येतात. म्हणून गॅसची शेगडी आपण जशी पुंजून घेतो, तशी ही शेगडीही सुरू करण्यापूर्वी खालून-बाजूने पाहून, मऊ पुंजणीने पुंजून घ्यावी. ज्योत दिसत नाही म्हणून जयणा सुटू नये.

मीठ थंड पाण्यात टाकून ठेवू नये. पाणी तापल्यावर टाकावे. नाहीतर स्टीलच्या तळाला बारीक खड्डे पडतात. रोज पाणी उकळणाऱ्या भांड्यात पांढरा थर साचतो. पाण्यात थोडे लिंबूसत्त्व घालून उकळले की तो निघतो. घासणीने खरवडण्याची गरज नाही.

घरात कोणाच्या हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल, तर त्यांनी चालू शेगडीपासून सुमारे ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

शेवटचे पथ्य असे की, गॅस काढून टाकू नये. आपला फुगलेला फुलका, भाजलेला पापड आणि खोलगट तव्यावरची भाकरी ज्योतीवरच होते. शिवाय वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. दुकानातून माणसे परततात, सूर्य उतरत असतो आणि जेवण वेळेत व्हायचे असते, त्या अर्ध्या तासात तर दोन्ही शेगड्या शेजारीशेजारी हव्यात. एकीवर वरण-भाताचा कुकर, दुसरीवर भाकरी. पितळेची, तांब्याची भांडीही मोडीत घालू नयेत. लोखंडी चकती मध्ये ठेवून ती या शेगडीवर वापरता येतात असे दुकानदार सांगतात. पण त्यात चकतीच लाल होईपर्यंत तापते, वीज वाया जाते आणि काचेलाही धोका पोहोचतो. मी तो मार्ग सोडून दिला.

पुन्हा पाटावर

एवढा अभ्यास करून मी तीन लिटरचे तीनपदरी पातेले आणले. सर्व परीक्षांत ते उत्तीर्ण झाले. आईंनी ते रिकामेच उचलून पाहिले आणि काही न बोलता खाली ठेवले. पाण्याने भरल्यावर ते त्यांच्या मनगटांना पेलणारे नव्हते. भांड्याची परीक्षा मी घेतली होती. ते ज्या हातांनी उचलायचे त्या हातांना विचारले नव्हते. म्हणून वरच्या पाच परीक्षांना सहावी जोडा : ज्या व्यक्तीने वापरायचे, तिला सोबत न्यावे आणि भांडे तिच्या हातात द्यावे.

दुसऱ्या रविवारी मी आईंना घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले. त्यांनी तब्बल तासभर पातेली उचलून पाहिली. शेवटी दोन्ही बाजूंना रुंद कान असलेले, दीड लिटरचे, जाड चकतीच्या तळाचे एक पातेले त्यांना पसंत पडले. चुंबक मी लावला. पट्टीही मीच धरली. दुकानदाराने तीनपदरी दाखवायला सुरुवात केली तेव्हा आई म्हणाल्या, "पाणीच उकळायचे आहे, बाबा. बासुंदी सुनेला दाखव." मला ते पटले. पाण्याला काही करपायचे नसते.

शेगडीच्या दोनच बटणांना चिरंजीवांनी लाल रंगाचा ठिपका लावून दिला : एक सुरू करण्याचे, एक बंद करण्याचे. आई आता दोन खेपांत पाणी उकळतात. पातेले उचलून ओतत नाहीत; निवू देतात आणि ओगराळ्याने माठात भरतात. जुने पितळेचे पातेले घासून-पुसून फडताळात ठेवले आहे. ते मला द्यायचे की नातसुनेला, याचा निर्णय त्यांनी अजून जाहीर केलेला नाही.

परवा मला जाग यायला उशीर झाला. धावतच स्वयंपाकघरात गेले, तर माठ भरलेला होता आणि आई पाटावर माळ ओढत बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "निज अजून थोडी. पाणी झाले आहे."

भगिनींनो, भांडी निवडण्याचे शास्त्र एवढेच. चुंबक पर्समध्ये ठेवा, पट्टी सोबत न्या, बिल जपून ठेवा. आणि घरातील जे हात ते भांडे उचलणार आहेत, त्यांना आधी विचारा.